फिटरच्या हाताची किंमत

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत सिंगरचं शिवणयंत्र अजून जपून ठेवलेलं आहे. काळं ओतीव अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, आणि पायाने पॅडल मारलं की तासन्‌तास न कुरकुरता चालणारी सुई. याच सिंगर कंपनीने १९४१ साली, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एलिझाबेथ इथल्या कारखान्यात, सैन्यासाठी पिस्तुलं बनवली. फक्त ५००. युद्ध अंगावर आलंच तर शिवणयंत्रांचा कारखाना हत्यारं बनवू शकेल का, हे सरकारला तपासायचं होतं. कारखाना परीक्षेत उतरला. मग त्याला याहून नाजूक काम देण्यात आलं, तोफांचा नेम साधणाऱ्या उपकरणांचं. पिस्तुलं ५०० वरच थांबली. आज त्यातल्या चांगल्या अवस्थेतल्या एकेका पिस्तुलासाठी संग्राहकांनी लाखाहून जास्त डॉलर मोजले आहेत.

त्याच आराखड्याचं नवं कोरं पिस्तूल आज अमेरिकेतल्या दुकानात साधारण ४५० ते ५०० डॉलरला मिळतं. शेजारच्या काचेत त्याच आराखड्याचं आणखी एक असतं, त्याची किंमत ४,००० डॉलरच्या घरात. दोन्हींची नळी ५ इंची, दोन्हींचं वजन एक किलोच्या थोडं वर, एकाचं मॅगझिन बहुतेकदा दुसऱ्यातही बसतं. आठपट पैसे मोजणारा माणूस नेमकं काय विकत घेतो? आणि जो मोजत नाही, त्याच्या पदरात काय कमी पडतं? या पिस्तुलाच्या जन्मकथेपासून सुरुवात केली, तर या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ सोपं होतं.

गरज निघाली फिलिपिन्समध्ये

१८९८ च्या युद्धात स्पेन हरला आणि फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात आलं. तिथल्या लोकांनी नव्या सत्तेशीही झुंज दिली. दक्षिणेकडच्या मिंडानाव आणि सुलू बेटांवरचे मोरो लढवय्ये तर वर्षानुवर्षं लढत राहिले. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या कमरेला तेव्हा .३८ चं रिव्हॉल्व्हर असे. गोळ्या लागूनही समोरचा माणूस तलवार घेऊन अंगावर येतच राहतो, अशा तक्रारी येऊ लागल्या. जुनी .४५ ची रिव्हॉल्व्हरं पुन्हा बाहेर काढावी लागली.

१९०४ साली आयुध विभागातले जॉन थॉम्पसन आणि वैद्यकीय विभागातले लुई लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर आणि मृतदेहांवर चाचण्या घेतल्या. वाचायला त्या क्रूर वाटतात आणि होत्याही. निष्कर्ष निघाला की सैन्याच्या पिस्तुलाची गोळी .४५ इंचाहून, म्हणजे ११.४३ मिलिमीटरहून, बारीक असू नये.

ही अट पाळणारं पिस्तूल घडवलं जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी. युटामधल्या ऑग्डेन गावात १८५५ साली जन्म, वडील बंदुकांचे कारागीर, लहानपण त्यांच्याच दुकानात गेलेलं. मार्च १९११ मधल्या शेवटच्या चाचणीत एकाच पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. दर शंभर गोळ्यांनंतर थोडी विश्रांती, दर हजारानंतर साफसफाई आणि तेलपाणी. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीच्या पिस्तुलात ३७ बिघाड नोंदले गेले. ब्राउनिंग यांचा आराखडा घेऊन कोल्ट कंपनीने बनवलेलं पिस्तूल एकदाही अडलं नाही. २९ मार्च १९११ रोजी सैन्याने ते स्वीकारलं. नाव पडलं एम १९११, आणि १९८५ साली ९ मिलिमीटरचं बेरेटा येईपर्यंत ते अमेरिकी सैन्याचं मुख्य पिस्तूल राहिलं.

त्याची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढे किमतीचा सगळा खेळ तिथेच आहे. पन्नासहून अधिक भागांच्या या पिस्तुलात खाली मुठीसह फ्रेम असते आणि तिच्या खाचांतून मागेपुढे सरकणारी स्लाइड असते. स्लाइडच्या पोटात नळी असते. गोळी सुटते तेव्हा नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकून एकत्रच मागे येतात. थोडं अंतर गेल्यावर एक छोटी कडी नळीचं मागचं टोक खाली ओढते आणि दोघींची गाठ सुटते. स्लाइड एकटीच आणखी मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि घोडा उभा करते. स्प्रिंगच्या जोराने परत येताना ती मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत ढकलते. चाप सरळ रेषेत मागे सरकतो. बहुतेक हत्यारांत तो खिळीवर फिरतो, इथे मात्र दाराची कडी सरकावी तसा. म्हणून त्याची ओढ स्वच्छ लागते, आणि शंभर वर्षांनंतरही नेमबाज या पिस्तुलाकडे वळतात त्याचं हे पहिलं कारण आहे.

टाइपरायटरच्या कारखान्यात

दुसऱ्या महायुद्धात सैन्याला लाखो पिस्तुलं हवी होती. सर्वांत जास्त, सुमारे पावणेनऊ लाख, बनवली रेमिंग्टन रँडने. ही टाइपरायटर बनवणारी कंपनी. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने ५५,००० बनवली. कोल्ट आणि इथाका या बंदुकांच्या कंपन्या होत्याच.

सैन्याची अट एकच होती. कुठल्याही कारखान्याचा कुठलाही भाग दुसऱ्या कारखान्याच्या पिस्तुलात बसला पाहिजे. आघाडीवरच्या दुरुस्ती करणाऱ्याकडे कानस मारत बसायला वेळ नसतो. दहा मोडकी पिस्तुलं समोर ठेवून त्यातून आठ चालती करायची असतात. यासाठी भागांमध्ये थोडी सैल मोकळीक ठेवावी लागे, म्हणून युद्धकाळातलं पिस्तूल कानाशी धरून हलवलं तर खडखडतं. सुरुवातीला रेमिंग्टन रँडलाही हे जमलं नाही. १९४३ मध्ये भाग एकमेकांत बसेनात म्हणून उत्पादन थांबवावं लागलं. मोजमाप आणि तपासणीची घडी नीट बसवल्यावर तोच कारखाना स्वस्तात उत्तम माल देऊ लागला.

ही घटना मला फार मोलाची वाटते. स्वस्त आणि चांगलं एकत्र नांदू शकतं, पण त्यासाठी कोणीतरी प्रत्येक भाग मोजून पाहावा लागतो. तेव्हा सरकारी तपासनीस ते काम करत. आज दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या वतीने ते कोण करतं, हा प्रश्न किमतीच्या चिठ्ठीआधी विचारायला हवा.

स्वस्त पिस्तूल कशात काटकसर करतं

ब्राउनिंग यांच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. हा आराखडा आता कोणीही बनवू शकतो, आणि स्वस्त पिस्तुलांचा मोठा पुरवठा पुन्हा फिलिपिन्समधूनच होतो. मनिलाजवळ मारिकिना हे चपला-बुटांसाठी प्रसिद्ध असलेलं शहर आहे. तिथल्या आर्मस्कोर कंपनीची पिस्तुलं ‘रॉक आयलंड आर्मरी’ या नावाने अमेरिकेत विकली जातात. ज्या देशातल्या लढायांमुळे .४५ ची मागणी पुढे आली, त्याच देशातले कामगार आज ते अमेरिकेला पुरवतात. दुसरा पुरवठा तुर्कस्तानातून होतो. काळ्या समुद्राच्या काठावरच्या त्राब्झोनमध्ये टिसाश आणि गिरेसुनमध्ये गिरसान हे कारखाने आहेत.

या पिस्तुलांची किंमत कमी असण्याची पहिली कारणं उघड आहेत, मजुरीचे दर आणि संगणकाच्या आज्ञेवर चालणारी सीएनसी यंत्रं. पूर्वी वाकबगार टर्नर जी अचूकता डोळ्यांत तेल घालून मिळवायचा, ती ही यंत्रं रोज हजार वेळा देतात. म्हणूनच आजचं स्वस्त पिस्तूल चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त पिस्तुलापेक्षा खूप चांगलं आहे.

दुसरी काटकसर धातूच्या घडणीत होते. तापलेलं पोलाद दाबाखाली ठोकून आकार दिला की त्याला घडीव म्हणतात, वितळवून साच्यात ओतलं की ओतीव. घडीव जास्त चिवट असतं. पण चांगलं ओतकाम करून नंतर यंत्रावर नीट कापलेली फ्रेमही हजारो गोळ्या सोसते. काही तुर्की पिस्तुलांत तर फ्रेम आणि स्लाइड दोन्ही घडीव असतात. म्हणजे ‘स्वस्त म्हणून ओतीव आणि ओतीव म्हणून कमअस्सल’ ही साखळी दोन्ही ठिकाणी तुटते.

तिसरी काटकसर छोट्या भागांत होते. धातूची बारीक पूड चिकट द्रव्यात कालवून साच्यात दाबायची, मग ते द्रव्य काढून टाकून भट्टीत भाजायचं. भाग साधारण पंधरा-वीस टक्के आकसतो आणि घट्ट होतो. घोडा आणि सुरक्षेचा खटका यांसारखे भाग असे बनतात. त्यांच्याबद्दल नेमबाजांत फार संशय असतो. प्रत्यक्षात हीच पद्धत मोटारींच्या आणि शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या भागांसाठीही वापरली जाते. तयार भाग चांगला की वाईट हे भट्टी किती काटेकोरपणे सांभाळली यावर ठरतं. महागड्या कंपन्या असे भाग टाळतात आणि सलग पोलादातून कापलेले वापरतात, कारण त्यांच्या किमतीत तेवढा खर्च बसतो.

चौथी काटकसर सर्वांत मोठी, आणि डोळ्यांना न दिसणारी. स्वस्त पिस्तुलाच्या जुळणीला माणसाचे तास फार थोडे मिळतात.

महाग पिस्तुलात तास कुठे जातात

आर्कान्सॉ राज्यातलं बेरीव्हिल हे छोटं गाव. बिल विल्सन यांच्या घरचं तिथे दागिन्यांचं दुकान होतं आणि ते घड्याळं दुरुस्त करत. १९७७ मध्ये त्यांनी दुकानाच्या मागच्या बाजूला पिस्तुलांवर काम सुरू केलं. त्यातून विल्सन कॉम्बॅट उभी राहिली. २००४ मध्ये त्याच गावात नाइटहॉक कस्टम सुरू झाली. तिथे एक पिस्तूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर जुळवतो.

असा कारागीर म्हणजे आपल्याकडच्या भाषेत अव्वल फिटर. त्याच्याकडे स्लाइड आणि फ्रेम मुद्दाम किंचित जाड ठेवून येतात. तो त्या एकमेकींवर घासून, मधे घासायची बारीक पेस्ट लावून, अशा बसवतो की स्लाइड लोण्यासारखी सरकते, पण डावी-उजवीकडे हलत नाही. नळीच्या मागच्या दातांना रंग लावून तो स्लाइड बंद करतो, रंग कुठे पुसला गेला ते पाहतो, तिथे कानशीचा एक हात मारतो आणि पुन्हा बंद करतो. हे कितीतरी वेळा. नळी प्रत्येक गोळीनंतर केसभरही न चुकता त्याच जागी परतावी, यासाठी ही सगळी मेहनत असते. काही उत्पादक लेखी हमी देतात. लेस बेअर या कंपनीची हमी आहे की ५० यार्डांवर, म्हणजे सुमारे ४६ मीटरवर, गोळ्या ३ इंचांच्या आत पडतील.

चापाचंही तसंच. घोडा जिथे अडकतो तो कोपरा तो दगडावर घासून इतका नेमका करतो की साधारण पाच-सहा पौंडांची लष्करी ओढ साडेतीन-चार पौंडांवर येते, आणि तरीही घोडा आपोआप निसटत नाही. इथे एक अंश चुकला तर पिस्तूल धोकादायक होतं. घरी बसून कानस चालवण्याची ही जागा नव्हे. पुंगळी ओढून काढणारा आकडा स्प्रिंगच्या पोलादाचा असतो आणि योग्य ताण येण्यासाठी तो हाताने वाकवावा लागतो. नव्या रचनेच्या पिस्तुलांत हा त्रास फारसा नाही. ब्राउनिंग यांनी जिथे हाताची जागा ठेवली, तिथे आजही हातच लागतो.

हात आणि हत्यार

आता नेमबाजाकडे पाहू. स्वस्त पण नीट बनलेलं पिस्तूल २५ यार्डांवर तीन-चार इंचांत गोळ्या टाकतं. महागडं इंच-दीड इंचात. नवशिक्या माणसाचा हात त्याच अंतरावर जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ सहज व्यापतो. म्हणजे पहिल्या वर्षी जो माणूस ४,००० डॉलर देतो, त्याला विकत घेतलेल्या अचूकतेचा उपयोग करता येत नाही. ती पिस्तुलात असते, त्याच्या बोटांत अजून आलेली नसते.

आता काडतुसांचा हिशेब करा. .४५ चं सरावाचं काडतूस अलीकडच्या काळात साधारण ४५ ते ५० सेंटला पडतं. महिन्याला २०० गोळ्यांचा सराव म्हणजे वर्षाला २,४०० गोळ्या, म्हणजे हजार डॉलरहून जास्त. तीन वर्षांत हा खर्च ३,००० डॉलरच्या वर जातो. ५०० च्या पिस्तुलावर हा सराव करणारा माणूस आणि ४,००० चं घेऊन काडतुसांसाठी हात आखडणारा माणूस एकाच रांगेत उभे राहिले, तर कोणाच्या कागदावर भोकं मध्यभागी असतील हे सांगायला नको.

जेफ कूपर यांनी १९७६ मध्ये ॲरिझोनातल्या पॉल्डनजवळ पिस्तूल चालवायला शिकवणारी शाळा काढली. १९११ चे ते कडवे पुरस्कर्ते. पण त्यांचा सगळा भर शिकण्यावर होता. सुरक्षेचे त्यांचे चार नियम आजही रेंजवर शिकवले जातात. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं. ज्याचा नाश करायचा नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम लागल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. आणि लक्ष्य काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे ओळखल्याशिवाय गोळी सोडायची नाही. यातला एकही नियम किमतीने विकत मिळत नाही.

मग कोणतं घ्यावं?

जो पहिलं पिस्तूल घेतो आहे, त्याने माझ्या मते ५०० ते १,००० डॉलरच्या पट्ट्यात राहावं. या पट्ट्याच्या वरच्या टोकाला इलिनॉयमधली स्प्रिंगफील्ड आर्मरी आहे, २०२१ पासून झेक मालकीची असलेली कोल्टही आहे. तिथे चांगली नळी आणि स्पष्ट दिसणाऱ्या साइट्स मिळतात, बिघडलं तर दुरुस्त करून देणारा विभाग असतो आणि पुन्हा विकताना किंमतही बरी येते. खालच्या टोकाला फिलिपिन्स आणि तुर्कस्तानची पिस्तुलं कामाला पुरी पडतात. फक्त मालक मॅगझिनवर पैसे वाचवणारा नसावा. पिस्तूल अडकलं की दोष नळीवर ढकलला जातो, पण पुष्कळदा गुन्हेगार मॅगझिनचे वाकलेले ओठ किंवा थकलेली स्प्रिंग असते.

एक सापळा मात्र टाळावा. स्वस्त पिस्तूल घ्यायचं, मग नवा चाप, मग नवी नळी, मग खटका, आणि प्रत्येक वेळी कारागिराची मजुरी. बघता बघता ५०० चं पिस्तूल १,३०० ला जातं, आणि विकायला काढलं तर ४०० मिळतात. हाताला काय हवं ते आधीपासून माहीत असेल, तर सुरुवातीलाच वरच्या दर्जाचं घेणं स्वस्त पडतं. माहीत नसेल, तर पिस्तूल आहे तसं ठेवावं आणि काडतुसं घ्यावीत.

घेण्याआधी रेंजवर स्वस्त आणि महाग दोन्ही भाड्याने घेऊन झाडून पाहावीत. अमेरिकेत पुष्कळ रेंजवर ही सोय असते. स्लाइड अडखळते का, सुरक्षेचा खटका ठाम बसतो का, रिकाम्या पुंगळ्या नियमित पडतात का, आणि आपला तळहात त्या मुठीत किती वेळ शांत राहतो, हे तासाभरात कळतं. विक्रेत्याला विचारायचा एक खास प्रश्नही आहे. ब्राउनिंग यांच्या मूळ रचनेत पिस्तूल हातातून पडल्यावर काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन अडवणारा वेगळा अडसर नव्हता. कोल्टने तो १९८३ मध्ये काही पिस्तुलांत आणला. आपल्या पिस्तुलात तो आहे की नाही, हे माहीत असलंच पाहिजे. कान आणि डोळे जपणारी साधनं आणि कुलपाची भक्कम पेटी या गोष्टी पिस्तुलाच्या किमतीत धरूनच हिशेब करावा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी कायदा आधी पाहावा. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तिथला संघीय कायदा बंदूक बाळगायला मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना असणं यांसारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही, पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा परवान्याशिवाय पिस्तूल बाळगू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात.

४,००० डॉलरचं पिस्तूल कोणासाठी, हेही सांगायला हवं. ज्याने साध्या पिस्तुलातून हजारो गोळ्या झाडल्या आहेत, ज्याच्या कागदावरची भोकं आता हाताच्या चुकीने न पसरता पिस्तुलाच्या मर्यादेमुळे पसरतात, त्याच्यासाठी. फिटरने नळीच्या दातांवर रंग लावून, पुसून, कानस मारून जे तास घातले, त्यांची किंमत त्या माणसाला बोटाच्या टोकाला कळते. त्याने ते आनंदाने घ्यावं. बाकीच्यांनी मारिकिनाच्या कामगाराने यंत्रावरून उतरवलेलं पिस्तूल घेऊन रेंजवर जावं, आणि उरलेल्या पैशांत आपला हात घडवावा.